खंडेनवमीचं तेल

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टची जबाबदारी नेमकी कुणाची, हे मला अजून नीट कळलेलं नाही. माझी आहे म्हणतात. मी असोसिएशनची अध्यक्ष आहे, आणि अध्यक्ष कशी झाले तेही सांगण्यासारखं नाही. मीटिंग आमच्याच हॉलमध्ये होती. दोघा पुरुषांचं पार्किंगवरून वाजलेलं, त्यातला एक अध्यक्ष झाला तर दुसरा बिल्डिंगचं तोंड बघणार नाही म्हणून बसलेला. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर सगळे टाळ्या वाजवायलेत. "बाई, तुमी शाळेत होतासा, तुमाला माणसं सांभाळायची सवय हाय," म्हणाले. अहो, मी बेळगुंदीकडच्या शाळेत पहिली-दुसरीची पोरं सांभाळली. पोरांना दम दिला की ती गप्प बसतात. ह्या घोड्यांना कोण दम देणार?

आणि लिफ्टमधलं मला काय कळतं? बटण दाबलं की दिवा लागतो, एवढंच. शुगर निघाल्यापासून डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलाय, त्यामुळं मी तिच्यात फारशी बसतसुद्धा नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, दम खात खात चढते. तरी काही झालं की पहिला फोन मला. "बाई, दार लागंना झालंय." "बाई, आतला पंखा फिरंना." "बाई, कोपऱ्यात कुणीतरी पान खाऊन थुकलंय." जसं काही मीच थुंकून आलेय.

आमचे हे उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर होते. उभा जन्म मशीनशॉपमध्ये गेला. रिटायर झाले आणि माणूस घरात बसून कुढायला लागला. मिक्सर उघड, पंखा उतरव, शिलाई मशीन खोल, असं दिवसभर चाललेलं. मी म्हटलं, आता माझं डोकं तेवढं खोलायचं राहिलंय, तेही बघा एकदा. हसले नाहीत. पूर्वी हसायचे.

त्यात खंडेनवमी आली. आमच्याकडं खंडेनवमीला मशीन धुवायची, पुसायची, तिला तेलपाणी करायचं, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची, आणि त्या दिवशी तिला चालवायचं नाही. वर्षभर राबलेली असते, तिला एक दिवस विसावा. उद्यमबागेत ह्यांचा तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असायचा. नारळ साहेब फोडायचे, पण मशीन सजवायची ती ह्यांनीच, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. आता घरी पूजा कशाची करणार? स्कूटरची झाली, इस्त्रीची झाली, माझ्या विळीची झाली. मग एकदम उठून म्हणाले, "आगं, आपली लिफ्ट? रोज एवढ्या माणसांस्नी वर न्हेती, खाली आणती. तिला एक नारळ न्हाय?"

बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ते लई पटलं. मशीनरूम गच्चीवर आहे, तिची किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला. हे सकाळीच कॉटन वेस्ट, रॉकेल आणि तेलाची कुप्पी घेऊन वर गेले. दुपारी सगळ्यांना बोलावलं तेव्हा मशीन अशी चकचकीत झालेली की तिच्यात तोंड बघून घ्यावं. मोठ्या चाकापासून बारक्या बोल्टापर्यंत सगळं पुसून तेल फिरवलेलं. माळ, लिंबू, कुंकवाची बोटं. नारळ फुटला, फोटो निघाले, ग्रुपवर गेले. दुसऱ्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेले एक अण्णा राहतात, ते म्हणाले, "अशी सेवा कंपनीवाल्यांनी कदी केली न्हाय बघा." आमचे हे त्या दिवशी पोटभर जेवले, आणि जेवताना मला उद्यमबागेतली एक जुनी गंमत सांगितली.

चौथ्या मजल्यावरची मॅडम तेवढी त्या दिवशी नव्हती. ती आणि तिची आई निपाणीच्या. दसऱ्याला त्यांचा धम्मचक्राचा कार्यक्रम असतो, त्यासाठी दोघी आधीच गावी गेलेल्या. ही मुलगी कॉलेजात शिकवते म्हणून सगळे तिला मॅडम म्हणतात, नाहीतर वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढी. अपघातात पाठीचा कणा दुखावला, तेव्हापासून चाकाची खुर्ची. पण पोरगी मानी. न विचारता कुणी मागून खुर्ची ढकलली तर मान वळवून असं बघते की ढकलणाऱ्यानं मुकाट्यानं हात काढून घ्यावा. इथं भाड्यानं यायच्या आधी तिनं वारा बघितला नाही, पाण्याची वेळ विचारली नाही. खुर्ची लिफ्टमध्ये वळते का तेवढं बघितलं आणि हो म्हणाली. खाली ठरलेला रिक्षावाला येतो, तो खुर्ची घडी करून मागं ठेवतो, की गेली कॉलेजला.

तिची नोकरी कायमची नाही. गेस्ट लेक्चरर म्हणून लागलीय, एका वर्षापुरतं घेतात आणि पुढचं पुढं. चार दिवस वर्ग बुडाले की त्या जागेवर बसायला दुसरी माणसं टपलेली. आई तंबाखूच्या वखारीत राबून थकलेली, आता तिच्यानं होत नाही. त्या दोघींचं घर त्या नोकरीवर, आणि ती नोकरी ह्या मेल्या लिफ्टवर.

दसरा झाला आणि लिफ्टचं काहीतरी बिनसलं. थांबायची, पण मजल्याला लागून नाही. कधी चार बोटं वर, कधी वीतभर खाली. धडधाकट माणसाला त्याचं काय, पाय उचलला की बाहेर. मी सकाळी भाजी आणायला जिना उतरून तळमजल्यावर पोचले, तर लिफ्टच्या दारात गर्दी. लिफ्ट वीतभर खाली जाऊन थांबलेली, मॅडम आत खुर्चीत, आणि पुढच्या चाकांसमोर पायरीएवढी भिंत. दोघंतिघं खुर्चीला हात घालायला आत वाकलेले.

"उचलू नका," ती म्हणाली. "फळी आणा कुणीतरी."

वॉचमननं कुठूनतरी सेंट्रिंगची फळी आणली. ती स्वतःच चाकं फिरवत, दात आवळून फळीवरून वर आली आणि रिक्षात बसून निघून गेली. मला बघून फक्त एवढंच म्हणाली, "काकू, हे बघायला पाहिजे हं." बघायला पाहिजे हे मलाही कळत होतं. पण कुणी बघायचं?

मी फोनला बसले. बिल्डर म्हणाला, बिल्डिंग तुमच्या ताब्यात दिली, आता माझा संबंध काय? कंपनीच्या हुबळीच्या ऑफिसात एक बाई आधी कन्नडमधून, मग इंग्रजीतून, मग हिंदीतून म्हणाली की तुमचा वर्षाचा करार आहे, पण त्यात काय येतं ते बघावं लागेल. काय येतं? तपासणी येते. आणि दुरुस्ती? ती वेगळी. आणि कुणाला काही झालं तर? तर मालक जबाबदार. मालक कोण? असोसिएशन. मग असोसिएशन म्हणजे कोण, असं मी विचारलं तर तीच मला म्हणते, मॅडम, तुम्ही कोण बोलताय? एका ओळखीच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, सरकारी तपासणी होऊन लायसन्स मिळतं, ते तुमच्याकडं असंलच की. असंलच म्हणजे काय? आधीच्या अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, ते फ्रेम करून लिफ्टमध्येच लावलं होतं बाई, रंगकाम करताना काढलं. काढून कुठं ठेवलं? ते रंगाऱ्याला ठाऊक. माझं डोकं गरगरायला लागलं. त्या दिवशी मी चहात साखर घातली, शुगर गेली खड्ड्यात.

शेवटी मेकॅनिक आला. कन्नड माणूस, निपाणीपासून खानापुरापर्यंतच्या लिफ्टा त्याच्या एकट्याच्या गळ्यात, हेल्मेट काढायच्या आधीच घड्याळ बघायला लागला. मी आणि हे त्याच्याबरोबर गच्चीवर गेलो. त्यानं वाळलेली झेंडूची माळ बाजूला केली, ब्रेक जिथं पकडतो त्या चाकावरून बोट फिरवलं, आणि ते बोट आमच्यासमोर धरलं.

"यण्णि यार हाक्यार्री?" तेल कुणी घातलं, असं विचारत होता.

"म्या," आमचे हे म्हणाले. छाती काढून म्हणाले. "खंडेनवमीला. का? मशीनला तेल नगं?"

त्यानं कपाळावर हात मारला. मग अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं सांगायला लागला. हे चाक कोरडं पाहिजे, तरच ब्रेक धरतोय. तेल ब्रेकच्या लायनरमध्ये मुरलंय, म्हणून लिफ्ट थांबायच्या जागी थांबत नाही, घसरती. रोपवर, म्हणजे लिफ्ट लटकते त्या तारेच्या दोरावर पण तेल गेलंय. पुसून चालत नाही, लायनर नवीन घालायला पाहिजे, ते हुबळीहून येणार, कधी येणार ते त्याला माहीत नाही.

"पुसून बघा की आधी," हे म्हणाले. "मी उभा जन्म मशीनवर काढलाय."

"लेथ बेरे, लिफ्ट बेरे री, अण्णा," तो म्हणाला. म्हणजे लेथ वेगळी, लिफ्ट वेगळी. मग खिशातल्या फडक्यानं बोट पुसलं. तेलाची कुप्पी अजून तिथंच कोपऱ्यात होती, ती उचलून हे खाली निघून गेले. मला त्यांचा राग पण आला आणि लई वाईट पण वाटलं, आणि दोन्ही एकदम आलं की माणसानं काय करायचं ते मला कधी समजलेलं नाही.

"मग आता लिफ्ट बंद ठेवायची का?" मी मेकॅनिकला विचारलं.

"बंदच ठेवा."

"बरं."

तो जिना उतरता उतरता थांबला. "अगदी अर्जंट आसंल तर दोन माणसं घाला. हळू जाईल."

"हळू जाईल म्हणजे? मी तिला हळू जा म्हणून सांगू?"

तो हसला. "आगतद्री," म्हणाला. म्हणजे होतंय. काय होतंय? बंद होतंय की चालू होतंय? विचारेपर्यंत त्यानं किक मारली.

संध्याकाळी सगळे जिन्यातच जमले. मी झालं ते सांगितलं. तेल कुणी घातलं ते सांगायची गरजच नव्हती, फोटो ग्रुपवर होते. पण ह्यांना कुणी काही बोललं नाही, उलट सगळे मॅडमबद्दल बोलायला लागले. "बंद केली तर त्या पोरीचं काय हो?" समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी म्हणाल्या. "आमचं काय, आमी जिन्यानं जाऊ," बँकेतले अण्णा म्हणाले, "पण तिची नोकरी जाईल की. तिच्यासाठी तरी चालू ठेवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला भरून आलं. एवढी भांडकुदळ माणसं, पण वेळ आली की कशी एक होतात बघा, असं वाटलं. लिफ्ट चालू राहिली. दोनच माणसांनी बसावं असा कागद मी दारावर लावला आणि फळी कायमची तळमजल्यावर ठेवायला सांगितली.

बरं केलं की वाईट केलं, ते कळत नव्हतं. बंद ठेवा म्हणालेला पण तोच आणि दोन माणसं घाला म्हणालेला पण तोच. रात्री अंथरुणावर पडलं की लिफ्टचा आवाज आला तरी दचकायची, नाही आला तरी दचकायची. घरात हे तोंड शिवून बसलेले. एकदाच जेवताना म्हणाले, "मी काय कुणाला मारायला तेल घातलं काय?" मी म्हटलं, कोण म्हणतंय तसं? तर ताट सारून उठले. म्हटलं, कर्म माझं. लिफ्ट बोलत नाही आणि नवरा पण बोलत नाही.

असे काही दिवस गेले. मग एका रविवारी मॅडमची आई खाली आली. "बाई, लेक बोलवायलीय तुमाला. जरा वर येतासा?"

मी वर गेले. मॅडम पेपर तपासत बसलेली. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग पेन बाजूला ठेवलं.

"काकू, लिफ्ट बंद करा."

मला वाटलं चेष्टा करतेय. "अगं, तुझ्यासाठीच तर चालू ठेवलीय. सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुझी नोकरी…"

"माहीत आहे. सगळे मला येऊन सांगून गेलेत, माझ्यासाठी चालू ठेवली म्हणून." तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "सकाळी पहिली कोण जातं लिफ्टनं?"

"तू."

"आणि माझ्याबरोबर कोण असतं?"

मी विचार करायला लागले. पूर्वी सकाळच्या वेळी लिफ्टमध्ये नुसती रेटारेटी असायची. चौथ्यावर ती बसली की तिसऱ्यावर समोरच्या वहिनी शिरायच्या, दुसऱ्यावर अण्णा पिशवी घेऊन, आणि हिच्या खुर्चीच्या चाकावर कुणाचा तरी पाय पडलेला असायचा.

"कुणी नसतं काकू. दाराला काच आहे, मला दिसतं. प्रत्येक मजल्यावर माणसं तयार होऊन उभी असतात. चपला घालून, पिशवी घेऊन. पण बटण दाबत नाहीत. मी समोरून खाली जाते. मी तळमजल्याला पोचून बाहेर आले, की लगेच वरून बोलावणं येतं. एकाच वेळी सगळ्या मजल्यांवरून."

"अगं, दोघांनीच बसायचं असं मी लिहून लावलंय ना, म्हणून असेल."

"दुसरं कुणी कुठं बसतं?" ती म्हणाली. "मी खाली पोचले नाही तर त्यांना कळेल की लिफ्ट बिघडलीय. पोचले तर चांगली आहे. वाईट आहेत असं म्हणत नाही मी. ठरवून करत असतील असंही नाही. पण करतात."

"सगळे?"

"काका पण." म्हणजे आमचे हे. "दारात उभे असतात. तुम्ही जिन्यानं जाता. ते बरं आहे तुमचं."

तिची आई दाराला टेकून उभी होती. ती रागानं नाही, अगदी सहज सांगावं तसं म्हणाली, "आमच्या वखारीत वर माळा होता बघा बाई, लाकडाचा. पावसाळा झाला की फळ्या कुजायच्या. मग तंबाखूची बोदं वर चढवायच्या आधी मालक म्हणायचा, बायांनो, तुमी वर जाऊन या आदी. आमी गेलो नि माळा धरला, की मग बोदं जायची." आणि मग ती चहा करायला आत गेली.

"नोकरीचं मी बघते," मॅडम म्हणाली. "जायची असेल तर जाईल. पण माझ्या नावावर ती लिफ्ट चालवू नका."

मी खाली आले ती थेट ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही सकाळी दारात थांबता? मॅडम खाली जाईपर्यंत?"

ते माझ्याकडं बघेनात. "थांबत न्हाय. ऐकत असतोय."

"काय ऐकता?"

"ब्रेकचा आवाज. कुठं धरतोय, कुठं सोडतोय ते. मी घातलंय न्हवं तेल?"

आता हे खरं की खोटं, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. खरं असेल तर एवढं ऐकून घसरतेय हे कळल्यावर बंद करा असं का म्हणाले नाहीत? आणि खोटं असेल तर त्यांचे डोळे का भरले होते? मी खिळ्यावरची किल्ली काढली, गच्चीवर गेले, मशीनरूममधला मेन स्विच पाडला आणि किल्ली कमरेला खोचली. बरोबर केलं का कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा दहा तऱ्हा ऐकाव्या लागल्या असत्या.

ग्रुपवर नुसता गोंधळ. मराठीत, कन्नडात, हिंदीत, सगळ्या भाषांत मला एकच विचारत होते, कुणाला विचारून बंद केलीत? "मॅडमचा तरी विचार करायचा हुता बाई," असं अण्णांनी लिहिलं. तेवढ्यात मॅडमनं स्वतः लिहिलं, "मीच सांगितलं." त्यानंतर ग्रुप असा गप्प झाला की मला वाटलं नेट गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न आला, ही खाली जाणार कशी. तिच्या नोकरीसाठी हळहळणाऱ्यांपैकी कुणाची कंबर दुखत होती, कुणाला देवळात जायचं होतं. आले ते वॉचमन आणि रिक्षावाला. आणि आमचे हे, जुने कारखान्यातले बूट घालून. कुणी बोलावलेलं नसताना.

"खालची बाजू माझी," म्हणाले. जिना उतरताना सगळं वजन खालच्या माणसावर येतं.

तिनं त्यांच्याकडं बघितलं. तिला उचलून घेतलेलं अजिबात खपत नाही, हे बिल्डिंगमध्ये पोरासोरांना ठाऊक. खुर्चीचे दांडे तिनं असे धरले होते की बोटं पांढरी पडलेली. "मी सांगेन तेव्हा उचलायचं," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा थांबायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही."

"व्हय," हे म्हणाले.

मी मागून तिची बॅग घेऊन उतरत होते. प्रत्येक वळणावर ती थांबा म्हणायची, ते थांबायचे, घाम पुसायचे. तिनं पूर्ण जिनाभर डोळे समोर ठेवले होते. माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मलाच माझा राग आला, कारण रडायचा हक्क तिथं माझा नव्हता. खाली पोचल्यावर तिनं ओढणी सारखी केली. मग ह्यांना म्हणाली, "काका, तेल घालायच्या आधी एक फोन करायचा होता कंपनीला."

"करायचा हुता," हे म्हणाले.

लायनर येईपर्यंत रोज हेच, सकाळी खाली नि संध्याकाळी वर. रोज तेच तिघं. तिनं कॉलेजात काय सांगितलं, त्यांनी काय ऐकून घेतलं, मला माहीत नाही. एकदोनदा उशीर झाला तेव्हा प्राचार्यांचा फोन आला होता, एवढं तिच्या आईकडून कळलं. पण एकही दिवस बुडाला नाही. हे रोज तिला खाली पोचवून वर आले की पाठीला बाम चोळायला सांगायचे आणि मला म्हणायचे, "जरा जोरात चोळ की गं." आमच्यात एवढं बोलणं परत सुरू झालं.

मग मेकॅनिक आला, लायनर बदललं, चाक नि रोप साफ केले, रिकामी लिफ्ट कितीदा तरी वरखाली फिरवली. जाताना म्हणाला, आता बिनधास्त बसा. मी त्याला परत विचारलं, बिनधास्त म्हणजे किती माणसं? म्हणाला, जितकी आत लिहिलीत तितकी. आत काय लिहिलंय ते रंगाच्या खाली गेलंय, पण ते त्याला सांगितलं नाही. मशीनरूमला त्यानं दुसरं कुलूप घालून घेतलं, एक किल्ली त्याच्याकडं, एक माझ्याकडं. आता त्या खिळ्याला काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम चौथ्या मजल्यावर गेले. हे पण आले. समोरच्या वहिनी, बँकेतले अण्णा, सगळे कसे कोण जाणे जिन्यात जमलेले, लिफ्ट चालू झाली म्हणून आनंद दाखवायला. लिफ्ट वर आली, दार उघडलं. खाली मजला नि लिफ्ट अगदी एकसारखी. मॅडम मांडीवर बॅग घेऊन दारात होती. सगळे तिच्यासाठी बाजूला झाले.

ती हलली नाही.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

नाव कुणाचं घेतलं नाही. अण्णांनी घड्याळ बघितलं. वहिनी पदर सारखा करायला लागल्या. आमचे हे पुढं सरकले, "मी जातो." मी त्यांना हात धरून मागं ओढलं. आजपर्यंत ह्या लिफ्टची जबाबदारी कुणाची, ते मला बिल्डर सांगू शकला नाही, कंपनी नाही, वकील नाही. त्या वेळी पण मला ते कळलं होतं असं मी म्हणणार नाही. पण सगळे बघत होते आणि दार मिटायला लागलेलं, म्हणून मी आत शिरले.

दार बंद झालं. मी तळमजल्याचं बटण दाबलं. मला भीती वाटली. एवढी भीती मला बाळंतपणात पण वाटली नव्हती. काचेतून तिसऱ्या मजल्यावर आमचं बंद दार दिसलं, मग दुसरा मजला, मग पहिला, आणि मी त्या छोट्या दांडीला दोन्ही हातांनी धरून उभी. खाली लिफ्ट थांबली. दार उघडलं. वॉचमन म्हणाला, "लागली बरोबर, बाई." मी बाहेर आलेच नाही. परत वरचं बटण दाबलं.

वर दार उघडलं तेव्हा सगळे होते तसेच उभे होते. मॅडमनं वाकून लिफ्ट नि मजल्याच्या मधली फट बघितली. पुढची चाकं एकदा आत घातली, बाहेर काढली. मग सगळ्यांकडं बघून विचारलं, "आणि उद्या कोण?"

मीच म्हटलं, "उद्या पण मी. आणि मी गावाला गेले तर हे." हे लगेच "व्हय" म्हणाले. मग ती आत आली, आणि आम्ही दोघी खाली गेलो.

तेव्हापासून रोज सकाळी ती दार उघडायच्या आधी मी एकटी लिफ्टनं एकदा खाली जाऊन वर येते. लिफ्टमधलं मला अजून काही कळत नाही. रोज भीती वाटते. तिला ती किती दिवस वाटली असेल, ते मी अजून विचारलेलं नाही.